वर्ण, आकृती आणि अर्थ : देवनागरीच्या यांत्रिक संकेतांची एक चिकित्सा

१

दोन यंत्रे तारेने अथवा बिनतारी लहरींनी जोडली, म्हणजे त्यांच्यांत संवाद सुरू झाला, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः जोडणीने केवळ खुणांची ने-आण साधते. एका यंत्राने पाठविलेली खूण दुसऱ्याच्या हाती जशीच्या तशी पडली, तरी ती कशाची खूण आहे याविषयी दोघांत आधी करार झालेला नसेल, तर पोहोचलेला मजकूर आणि न पोहोचलेला मजकूर यांत व्यवहारतः फारसा भेद उरत नाही. संदेशवहनाच्या गणिती शास्त्राचा पाया घालणारा क्लॉड शॅनन यांचा निबंध १९४८ साली प्रसिद्ध झाला. संदेशाच्या अर्थाचा प्रश्न अभियांत्रिकीच्या कक्षेबाहेरचा, असे म्हणून त्यांनी तो बुद्धिपुरस्सर बाजूस ठेवला होता. पुढच्याच वर्षी वॉरन वीव्हर यांनी त्या निबंधाचे विवरण करताना संदेशवहनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. खुणा अचूक पोहोचतात की नाही ही पहिली. त्या खुणांतून अभिप्रेत अर्थ पोहोचतो की नाही ही दुसरी. आणि त्या अर्थाचा इष्ट परिणाम घडतो की नाही ही तिसरी. पहिल्या पायरीवर गेल्या पाऊणशे वर्षांत विलक्षण प्रगती झाली. दुसऱ्या पायरीवरचे अडखळणे मात्र थांबलेले नाही.

हे अडखळणे केवळ शब्दांपुरते आहे असेही नाही. संख्या ही शब्दापेक्षा निःसंदिग्ध, असे सामान्यतः मानले जाते. परंतु अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचत असता कायमचे गमावले गेले, ते संख्येच्या अर्थाविषयी दोन प्रणालींत एकवाक्यता नव्हती म्हणून. पृथ्वीवरील एक संगणकप्रणाली यानाच्या छोट्या अग्निबाणांचा आवेग पौंडांच्या मापात देत होती. तो आकडा घेणारी दुसरी प्रणाली त्यास न्यूटनच्या मापातील समजत होती. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचे अंतर. आकडे एका प्रणालीतून दुसरीत सुखरूप जात होते. त्यांचा संकेत तेवढा वाटेत गळला होता.

भारतीय शब्दशास्त्रास हा प्रश्न अपरिचित नाही. नैयायिकांनी शब्द आणि अर्थ यांचा संबंध स्वाभाविक न मानता संकेताधीन मानला. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त साक्षात् संकेतित अर्थाचा बोध करून देते ती अभिधा, अशी व्यवस्था लावली. मुख्यार्थाचा बाध झाला, की मनुष्य लक्षणेचा आश्रय करितो. वाक्य विसंगत दिसले, की थांबून विचार करितो. दोन यंत्रांच्या परस्पर व्यवहारात हा थांबा नसतो. तेथे अभिधा हीच एकमेव शक्ती असून तिचा सगळा भार संकेतावर असतो. म्हणून यंत्रांसाठी केलेला कोणताही वर्णसंकेत ही निव्वळ तांत्रिक तरतूद नव्हे. भाषेत कोणता भेद अर्थवाहक आणि कोणता केवळ दिसण्याचा, याविषयी दिलेला तो एक निर्णय असतो. या दृष्टीने देवनागरीच्या प्रचलित वर्णसंकेताकडे पाहिले असता त्यात एक मोठा गुण आणि, मराठीपुरता, एक मोठा दोष आढळतो. दोहोंचा उगम एकाच तत्त्वात आहे, ही त्यातील विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय.

२

गुणाचे मोल कळण्यासाठी आधीची स्थिती पाहणे अगत्याचे आहे. खिळे जुळवून छपाई होत होती तोवर संकेताचा प्रश्न उद्भवला नव्हता. कारण हस्तलिखित वाचणारा जुळारी आणि छापील पान वाचणारा वाचक हे दोघेही मनुष्य होते. खिळ्याने फक्त आकृती उमटवावी. अर्थ दोन्ही टोकांस माणसांनी सांभाळावा, अशी ती व्यवस्था होती. संगणक आल्यावर हीच व्यवस्था प्रारंभी जशीच्या तशी उचलली गेली. रोमन अक्षरांच्या अंकांवर देवनागरीच्या आकृती बसविलेले नानाविध फॉन्ट तयार झाले. पडद्यावर आणि कागदावर मराठी उमटत असे. परंतु यंत्राच्या स्मरणात मराठी नव्हतीच. तेथे रोमन अक्षरांचे व विरामचिन्हांचे एक अर्थहीन गाठोडे होते. कोणत्या अंकावर कोणती आकृती बसवावी हे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या सोयीने ठरविले. परिणाम असा, की एका कार्यालयातील मजकूर दुसऱ्या कार्यालयात पोहोचे, पण तोच फॉन्ट तेथे नसला तर वाचता येत नसे. मजकुरात एखादा शब्द शोधणे, नावांची यादी वर्णक्रमाने लावणे, दोन कोशांतील नोंदी ताडून पाहणे ही कामे तर फॉन्ट असूनही होत नसत. ऱ्हस्व इकार डावीकडे दिसतो म्हणून तो व्यंजनाच्या आधी साठविला जाई. 'कि' या अक्षरात 'क' आधी आणि 'इ' नंतर, हे साधे ध्वनिसत्यही यंत्रास ठाऊक नसे. त्या काळात टंकलिखित झालेला पुष्कळ मजकूर आजही अशाच अवस्थेत पडून आहे. दिसावयास तो मराठी आहे. यंत्राच्या लेखी तो मराठी नाही.

३

या अनवस्थेवर उपाय म्हणून भारतीय मानक संस्थेने १९९१ साली 'इस्की' या नावाने ओळखला जाणारा वर्णसंकेत प्रमाण म्हणून स्वीकारला. त्यामागील विचार मूलगामी होता. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिपी आकृतीने भिन्न असल्या तरी त्यांची वर्णव्यवस्था बहुतांशी एकच आहे. तेव्हा संकेत आकृतीस न देता वर्णास द्यावा, आणि वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठवावेत, हे ते तत्त्व. त्याच वर्षी जागतिक 'युनिकोड' प्रमाणकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिने भारतीय लिपींची मांडणी करताना 'इस्की'च्या १९८८ मधील आराखड्याचा आधार घेतला, आणि देवनागरीस १२८ स्थानांचा एक स्वतंत्र विभाग दिला. आज संगणक, दूरध्वनी आणि इंटरनेटवरील बहुतेक सर्व मराठी व्यवहार याच संकेताने चालतो.

युनिकोडचे मूळ प्रतिपादन असे, की संकेत वर्णास मिळावा, आकृतीस नव्हे. व्याकरणाच्या अभ्यासकास हे प्रतिपादन तत्काळ पटण्याजोगे आहे. 'क्ष' ही आकृती एक दिसते. पण क्, ष् यांचा तो संयोग असल्याने यंत्रात 'क', हलन्ताचे चिन्ह आणि 'ष' असे तीन संकेत साठविले जातात. मराठी छपाईतील 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदी छपाईतील वळणांहून वेगळी आहेत. परंतु त्या भेदाने शब्दाचा अर्थ पालटत नाही. म्हणून दोहोंस संकेत एकच, आणि वळण निवडण्याचे काम फॉन्टचे. अर्थभेद करणारे ते संकेतात यावे, अर्थभेद न करणारे ते आकृतीवर सोपवावे, ही विभागणी ध्वनिविचारातील स्वनिम आणि स्वनांतर यांच्या विभागणीशी समांतर आहे. या एका तत्त्वाने मराठी मजकूर प्रथमच यंत्रायंत्रांत मराठी म्हणून ओळखला जाऊ लागला. हे श्रेय या प्रमाणकास निःशंकपणे दिले पाहिजे.

परंतु तत्त्व निर्दोष असले म्हणजे त्याचा विनियोग निर्दोष होतोच असे नाही. कोणता भेद अर्थवाहक हे लिपी पाहून ठरत नाही. ते त्या त्या भाषेस विचारावे लागते. देवनागरी ही लिपी एक असली तरी तीत लिहिल्या जाणाऱ्या भाषा अनेक आहेत. एका भाषेत केवळ वळणाचा असलेला भेद दुसरीत अर्थाचा असू शकतो. प्रमाणकाची कसोटी लागते ती येथे.

४

व्यंजनापूर्वी येणारा अर्धा 'र' मराठीत दोन प्रकारे लिहिला जातो. एक रफार : 'सूर्य', 'कार्य', 'आर्य'. दुसरा 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांत दिसणारा, पुढील व्यंजनाच्या डाव्या अंगास आडवा जोडला जाणारा 'र' : 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांचा', 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड'. इंग्रजी परिभाषेत त्यास त्याच्या आकारावरून पापणीचे नाव मिळाले आहे. हिंदीच्या नेहमीच्या लेखनात हा दुसरा प्रकार नाही. मराठीत तो पदोपदी येतो. कारण 'री'कारान्त व 'रा'कारान्त नामांची व विशेषणांची कितीतरी सामान्यरूपे त्याच्यावाचून लिहिताच येत नाहीत. अधिकारी, कर्मचारी, शेतकरी, व्यापारी, वारकरी यांच्यापुढे विभक्तिप्रत्यय अथवा शब्दयोगी अव्यय आले, की हा 'र' आलाच.

हा भेद वळणाचा की अर्थाचा, याचे उत्तर मराठीची नित्याची उदाहरणेच देतात. 'आचार्यास बोलाविले' म्हणजे गुरूस बोलाविले. 'आचाऱ्यास बोलाविले' म्हणजे स्वयंपाक्यास बोलाविले. 'दर्या' हा समुद्र; 'दऱ्या' डोंगरांमधल्या. मोरोपंतांच्या त्या आर्या. कातडे शिवावयाच्या त्या आऱ्या. छंदःशास्त्राची साक्षही याच बाजूची आहे. रफाराचा आघात मागील अक्षरावर येतो म्हणून 'दर्या'तील 'द' गुरू होतो. 'दऱ्या'तील 'द' आघाताअभावी लघूच राहतो. उच्चार भिन्न, मात्रा भिन्न, अर्थ भिन्न. भेद अर्थवाहक असल्याची याहून वेगळी कसोटी कोणत्याही भाषाशास्त्रात नाही.

युनिकोडने या भेदाची व्यवस्था कशी लावली हे आता पाहावयाचे. तीत दोन मार्ग ठेवलेले आहेत. पहिला मार्ग 'इस्की'कडून आलेला. ०९३१ या स्थानी असलेला 'ऱ' हा वर्ण मुळात द्राविड भाषांतील एक ध्वनी देवनागरीत लिहिण्यासाठी आहे. त्यास हलन्ताचे चिन्ह जोडले असता मराठीचा आडवा 'र' उमटावा, असा हा नियम. दुसरा मार्ग असा, की नेहमीचा 'र', हलन्ताचे चिन्ह आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, असे तीन संकेत लिहावेत. प्रमाणकाच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून हा दुसरा मार्गही चालू ठेवण्यात आला. दोन्ही मार्गांनी कागदावर उमटणारी आकृती एकच. यंत्रात साठणाऱ्या संकेतांच्या माळा मात्र दोन, आणि त्या परस्परांशी समतुल्य आहेत असे प्रमाणक मानत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'र'च्याच कळीवर वरच्या स्तरात 'ऱ' असल्याने तो वापरणाऱ्याच्या हातून साहजिकच पहिला मार्ग लिहिला जातो. जोडक घालून देणाऱ्या अन्य लेखनसाधनांतून दुसरा. लिहिणारास व वाचणारास याची गंधवार्ता नसते. एका संग्रहात 'शेतकऱ्यांचा' हा शब्द शोधला असता दुसऱ्या मार्गाने लिहिलेला तोच शब्द सापडत नाही, तेव्हा तो शब्द संग्रहात नाहीच असा निष्कर्ष काढला जातो.

दोन मार्ग असणे ही गैरसोय झाली. दुसऱ्या मार्गाचे स्वरूप हा त्याहून गंभीर दोष आहे. शून्य रुंदीचा जोडक हा वर्ण नव्हे. अक्षरे कशी जोडून दाखवावीत याविषयी फॉन्टला दिलेली ती एक सूचना आहे. आणि ती दिसण्यापुरती सूचना असल्याने शब्दांची तुलना करताना अथवा क्रमवारी लावताना तिच्याकडे दुर्लक्ष करावे, असेच युनिकोडच्या वर्णक्रमाचे नियम सांगतात. बहुसंख्य प्रसंगी ते योग्यही आहे. 'क्ष' हे अक्षर जोडून दाखविले काय आणि अर्धा 'क' लिहून दाखविले काय, शब्द तोच राहतो. परंतु मराठीच्या आडव्या 'र'चे संपूर्ण अस्तित्व या जोडकावर अवलंबून ठेवल्यावर, जोडक वगळताच रफार उरतो. मग तुलना करणाऱ्या यंत्रास आचारी आणि आचार्य एकच. अर्थवाहक भेद आकृतीच्या खात्यात जमा करण्याचा हा परिणाम होय. प्रमाणकाने आपल्याच तत्त्वाचा येथे भंग केला आहे. आणि भंग केला तो तत्त्व न समजल्यामुळे नव्हे, तर मराठीत हा भेद कोणत्या बाजूस पडतो याचा निर्णय लिपीच्या दृष्टीने केल्यामुळे.

ही भीती काल्पनिक नाही. इंटरनेटवरील स्थळनामे रोमनेतर लिपींत लिहिता यावीत म्हणून २००३ साली जे नियम ठरले, त्यांत हा जोडक नावातून काढून टाकावा अशी तरतूद होती. 'वऱ्हाड' हे नाव जोडकाने लिहिले असता त्या नियमांखाली ते 'वर्हाड' होई. २०१० च्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर येणारा जोडक ठेवण्यास मुभा दिली. म्हणजे एका प्रदेशाचे नाव त्याच्या स्वतःच्या भाषेत शुद्ध लिहिण्याची तांत्रिक सोय होण्यास सात वर्षे लागली, आणि तीही अपवाद म्हणून.

'ॲ' या स्वराची कथा याच जातीची आहे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी मराठीने 'अ'वर चंद्र देऊन हे अक्षर रूढ केले. हिंदीत त्या जागी 'ए'वर चंद्र दिला जातो. प्रारंभीच्या विभागात हिंदी पद्धतीच्या 'ऍ'ला स्थान होते, मराठी 'ॲ'ला नव्हते. ते ०९७२ या स्थानी २००८ साली मिळाले. तोवर कोणी 'ऍ' लिहिले, कोणी 'अ' आणि चंद्र अशी दोन चिन्हे जोडली. परिणामी एकाच शब्दाची तीन रूपे आज संग्रहांत नांदत आहेत, आणि त्यांपैकी दोन तर डोळ्यांना ओळखूही न येण्याइतकी सारखी आहेत.

५

यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे. संदर्भावरून अर्थ कळतो. स्वयंपाकघरात आचार्य आले तर वाचक तो मुद्रणदोष समजून पुढे जाईल. आणि अलीकडची भाषायंत्रे तर मनुष्याप्रमाणेच संदर्भ पाहून अंदाज करू लागली आहेत. मग एका जोडकाचे एवढे अवडंबर कशास? आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. संदर्भाने होतो तो तर्क. संकेताने होतो तो बोध. तर्क चुकू शकतो, आणि चुकला हे कळण्यास पुन्हा मूळ मजकूरच पाहावा लागतो. मूळ मजकुरातच भेद पुसला गेला असेल तर तपासावयाचे कशाशी? शिवाय अशी यंत्रे ज्या मजकुरावरून भाषा शिकतात त्या मजकुरातच दोन माळा मिसळलेल्या असतील अथवा जोडक गळालेले असतील, तर अंदाजाचा आधारच डळमळीत होतो. वाक्य असते तेथे निदान संदर्भ तरी असतो. विशेषनामांच्या यादीत, कोशाच्या शीर्षशब्दात, जमिनीच्या नोंदीत, मतदारांच्या नोंदवहीत तोही नसतो. तेथे अभिधेवाचून दुसरी शक्ती नाही.

दुसरा विचार उपायाचा. युनिकोडचा एक कडक दंडक असा, की एकदा दिलेले स्थान काढून घ्यावयाचे नाही व हलवावयाचे नाही. १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून हा दंडक पाळला गेला आहे, आणि तो पाळला जातो म्हणूनच जुना मजकूर नव्या यंत्रांवर वाचता येतो. तेव्हा घडलेल्या निर्णयाबद्दल केवळ तक्रार करीत बसण्यात अर्थ नाही. उपलब्ध दोन मार्गांपैकी एक मराठीने आपला म्हणून निवडणे, हाच शक्यतेतील उपाय आहे. निवडावयाचा तो पहिला, 'ऱ'चा. जोडक ही सूचना असल्याने ती गाळणे नियमास धरून होते. 'ऱ' हा वर्ण असल्याने तो गाळणे हा नियमभंग ठरतो. 'ऱ' म्हणजे नुक्ता दिलेला 'र', अशी त्याची फोड प्रमाणकात असल्यामुळे नुक्ता वगळणाऱ्या व्यवस्थेत येथेही सावध राहावे लागेल हे खरे. तथापि तेथे गळते ती वर्णाची एक खूण, आणि गळती कोठे झाली हे दाखविता येते.

या निवडीवर व्याकरणाच्या बाजूने हरकत घेता येईल. मराठीचा 'ऱ्या'तील 'र' निराघात, हलका. 'ऱ' हा वर्ण आणला तो द्राविड भाषांतील एका निराळ्या ध्वनीसाठी. एकाचे घर दुसऱ्यास देणे हे उच्चारशास्त्राच्या दृष्टीने असत्य नव्हे काय? असत्य आहेच. परंतु नैयायिकांचा मूळ सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. संकेत हा स्वाभाविक असावा लागत नाही. तो सर्वांस समान असावा लागतो. मराठीपुरता 'ऱ' दुसऱ्या कोणत्याही कामी येत नाही. म्हणून हलन्त 'ऱ' म्हणजे आडवा 'र', हा संकेत मराठीत कोणत्याही अर्थाशी टक्कर घेत नाही.

या कामाचे दोन भाग पडतात, आणि त्यांतील भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. ज्या मजकुरात जोडक शाबूत आहे, त्यातील तीन संकेतांच्या जागी 'ऱ' व हलन्त घालणे हे निव्वळ यांत्रिक काम आहे. त्यात काही गमावले जात नाही. 'ॲ'च्या तीन रूपांचे एकीकरणही तसेच. पण ज्या मजकुरातून जोडक एकदा गळला, तेथे प्रत्येक 'र्य' आणि 'र्ह' यांपुढे थांबून हा आचार्य की आचारी, हे ठरवावे लागेल. आणि ते ठरविण्यास मराठी जाणणारा वाचक लागेल. दिवसेंदिवस पहिल्या प्रकारच्या मजकुराचे रूपांतर दुसऱ्या प्रकारात होत असते; एका व्यवस्थेतून दुसरीत जाताना कोठे तरी जोडक वगळला जातो, आणि सोपे काम अवघड होऊन बसते.

कोशकार, ग्रंथसंग्राहक, पाठचिकित्सक यांनी हा विषय संगणकतज्ज्ञांचा म्हणून आजवर बहुधा दूर ठेवला. वस्तुतः दोन हस्तलिखितांतील पाठभेद अर्थाचा की लेखकाच्या वळणाचा, हे ठरविण्याचे जे काम पाठचिकित्सा करीत आली, तेच काम येथे निराळ्या साधनांनी करावयाचे आहे. भाषेतील कोणता भेद अर्थवाहक हे संगणकतज्ज्ञाने ठरवावे अशी अपेक्षा नाही, आणि तसे त्याने ठरविले तर दोष त्याचा नाही. मराठीच्या अभ्यासकांनी हे उत्तर वेळेवर व एकमुखाने दिले नाही, म्हणून ते लिपीच्या नकाशावरून काढले गेले. कोणताही नवा संग्रह अथवा कोश यंत्रावर चढविण्यापूर्वी त्यातील आडवा 'र' कोणत्या माळेने लिहिला आहे हे तपासून एकरूप करणे, आणि हा नियम संग्रहाच्या प्रस्तावनेत स्पष्ट नोंदविणे, एवढे तरी विद्यापीठीय विभागांनी आपल्या हाती घ्यावे. त्यास ना मोठा खर्च लागतो, ना कोणाची अनुमती.